पंचाचा खांदा

आमच्या घरी खेळाचं पान कुणी वाचत नसे. वडील पत्रकं लिहीत. शेतमजुरीच्या दरावर, रेशनवर, वस्तीतल्या कोरड्या नळावर, खाणीत बोटं गमावलेल्या कामगारांवर. छापून आलेले गठ्ठे पलंगाखाली असायचे आणि माझी अक्षरओळख बरीचशी त्या गठ्ठ्यांवरच झाली. पत्रकाची एक शिस्त असते. दुखणं कोणाचं, कोणामुळे आणि मागणी काय, हे एका पानात बसवायचं. मी तसाच विचार करायला शिकले आणि आजही तसाच करते.

कॉलेजात कबड्डी खेळून झाल्यावर मी पंचाची परीक्षा दिली आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या गावोगावच्या स्पर्धांना शिट्टी घेऊन जाऊ लागले. पहिल्याच हिवाळ्यात मला एक पत्रक लिहावंसं वाटलं. मैदानाच्या कडेला औषधाचा डबा असायचा. त्यात स्प्रे, पट्ट्या, बर्फाचं भांडं. खेळाडू पडला की चार जण डबा घेऊन धावायचे. पंच पडला की लोक हसायचे. माझ्यासमोर एका पंचाच्या पायावरून अख्खी पकड गेली, तो लंगडत उठला आणि कडेवरून कुणीतरी ओरडलं, "उठा सर, नाटकाचा तंबू पलीकडं हाय."

ते पत्रक मी लिहिलं नाही. ज्यांच्यासाठी लिहायचं तेच म्हणाले असते की आम्हाला काही झालेलं नाही.

हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि ते समजायला मला दोन गोष्टी समजून घ्याव्या लागल्या. आमच्याकडच्या गावच्या सामन्याला दोनच पंच असतात, मैदानाच्या दोन लांब बाजूंना समोरासमोर उभे. सुरुवातीला दोन्ही कर्णधार येतात आणि एकेका पंचाकडं बघून मोठ्यानं "मंजूर" म्हणतात. पंच मध्येच बदलायचा असेल तर नव्यालाही दोघांचं "मंजूर" लागतं, आणि हरत असलेला संघ ते कधीच म्हणत नाही. म्हणजे पंच बसला की सामना मोडला. सामना मोडला की दोन गावांचं भांडण पुढच्या पोळ्यापर्यंत पुरतं. म्हणून पंच बसत नाहीत. दुसरी गोष्ट, सामना संपेपर्यंत पंचानं कोणाकडूनही काही घ्यायचं नसतं. पाणीसुद्धा आपल्या पिशवीतल्या बाटलीचं. औषधाचा डबा ज्या गावाचा, त्या गावाचा संघही स्पर्धेत उतरलेला असतो, त्यामुळे त्या डब्यातला स्प्रे पंचाच्या गुडघ्यावर मारला की निकाल कुठं झुकणार हे लोक आधीच ठरवून टाकतात.

हे सगळं मला शिकवलं काकांनी. बहुतेक सामन्यांना माझ्या समोरच्या बाजूला तेच असायचे. आर्णीकडच्या एका बंजारा तांड्यावरचे शेतकरी, पन्नाशी ओलांडलेले, तरुणपणी स्वतः चांगले खेळलेले. घरी गोरबोली, बाहेर वऱ्हाडी आणि मैदानावर शिट्टीशिवाय काही नाही. सगळा जिल्हा त्यांना काका म्हणायचा, मीही. ते मला छोरी म्हणत, म्हणजे पोरी.

घाटंजीजवळच्या एका सामन्यात मला पहिल्यांदा जोरात लागलं. पकडीतले चौघं रेडरला घेऊन कडेची रेषा ओलांडून माझ्या नडगीवर आले. मी पडले, उठले, शिट्टी मारली आणि रेडर बाद दिला. मागून आवाज आला, "पंचबाई, झोपून पाह्यलं तं लाइन चांगली दिसते काय?" मला तेव्हा काहीही दुखलं नाही. खरोखरच नाही. दुखायला लागलं ते परतीच्या एसटीत. रेडरचा हात मध्यरेषेला लागला होता का, हा प्रश्न मनात आला आणि तो आल्याबरोबर पाय ठणकू लागला. जितक्या वेळा ती पकड आठवायची, तितक्या वेळा कळ यायची. पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या गावी त्याच पायावर याहून जास्त मार बसला. तो निकाल स्वच्छ होता, दोन्ही बाजूंनी टाळ्या पडल्या. नडगी काळीनिळी झाली आहे हे मला घरी आंघोळ करताना दिसलं.

मी काकांना हे सांगितलं. ते हसले.

"निकाल बरोबर असंन तं दुखत नाही."

"आन चुकला असंन तं?"

"तं दुखू दे. तेवढंच पापक्षालन."

"काका, मार कोणी शिक्षा म्हणून खात नसते."

"तू पत्रक नको वाचू मले, छोरी. इकडं सरक, ऊन लागून राह्यलं."

मला त्यांचं बोलणं पटलं नाही, पण माझ्याच नडगीनं ते खरं करून दाखवलं होतं. मार तोच, आणि दुखणं मात्र निकालावर, लोकांच्या ओरडण्यावर, आपल्याला कुणी लबाड म्हणतंय का यावर कमीजास्त होतं. खेळाडू पडला तर त्याचं लागणं सगळ्यांचं होतं. पंच पडला तर ते त्याचं एकट्याचं राहतं, आणि एकट्याचं दुखणं माणूस स्वतःपासूनही लपवू शकतो. ते किती लपवता येतं हे मला पुढच्या वर्षी कळलं.

राजूरला सामने होते. तिथं खाणीमुळे मैदानाच्या मातीलाही कोळशाचा रंग. चुन्याची फक्की मारून आखलेल्या रेषा त्या काळ्या मातीवर लख्ख दिसतात, म्हणून पंचांना ते मैदान आवडतं. दुपारच्या सामन्यात रेडर आणि त्याला धरणारे सगळे मिळून काकांवर कोसळले. काका उजव्या खांद्यावर पडले. मी समोरून पाहत होते. ढीग उठला, काका उठले, शिट्टी वाजली, डावा हात वर गेला. गुण डावीकडच्या संघाचा होता. उजवा हात त्यांनी शर्टाच्या दोन बटणांमधून आत खुपसला होता. थंडी वाजत असेल असं मला वाटलं. सामना संपल्यावर विचारलं तर म्हणाले, "काही नाही. मऊ माती हाय अठची."

आता पंच गुण कसा देतो ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. ज्या पंचासमोर खेळ घडला, गुण त्यानंच द्यायचा. ज्या संघाला गुण मिळाला त्या बाजूचा हात डोक्यावर सरळ उभा करायचा आणि जितके गुण तितकी बोटं दाखवायची. उजवीकडच्या संघाचा गुण उजव्या हातानं, डावीकडच्याचा डाव्या हातानं. गुणफलकावर बसलेला माणूस ती बोटं बघूनच आकडा बदलतो.

त्यानंतरच्या एका रविवारी दिग्रसकडं सामना होता. पहिल्या डावात काकांच्या उजवीकडचा संघ कुरकुरत होता की पंच आमचे गुण उशिरा देतात. मध्यंतरानंतर संघांनी बाजू बदलल्या. आता कुरकुर दुसऱ्या संघाची सुरू झाली. कडेला बसलेल्या एका म्हाताऱ्यानं मोठ्यानं निदान केलं, "मध्यंतरात कोंबडं पोचलं वाटते काकाले." सगळे हसले. मी हसले नाही, कारण त्या म्हाताऱ्याच्या वाक्यानं मला एकदम दिसलं. काकांनी बाजू बदलली नव्हती. ज्याची तक्रार असायची तो संघ त्यांच्या उजव्या हाताला असायचा. त्यांचा डावा हात काठीसारखा वर जायचा आणि उजवा छातीपर्यंत येऊन थांबायचा, तोही उशिरा.

सामना संपल्यावर चहाच्या टपरीवर मी त्यांना धरलं.

"काका, खांदा दाखवला का कोणाले?"

"कोणता खांदा?"

"राजूरचा."

त्यांनी चहाचा कप डाव्या हातात घेतलेलाच होता. तो खाली ठेवला. "सामन्यात दुखत नाही तो."

"आन घरी?"

"घरी कोण पाह्यते? घरी म्हातारी ओढून बाही चढवून देते."

मग मी सुरू झाले. तुम्ही कामावर पडलात. खाणीत असे पडला असता तर मी गेटसमोर बसले असते. स्पर्धा भरवणाऱ्यांनी तुमच्या इलाजाची सोय करायला पाहिजे, आणि तुम्ही बोलत नाही म्हणून पुढच्या पंचालाही कुणी विचारणार नाही. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"खाणीत पडलो असतो तं तुह्यासोबत बसलो असतो. पण तुह्या पत्रकात मजूर हाय. मी पंच हाय. हरला त्याले मी काय सांगू? तू हरला बाप्पा, पण माह्या खांदा दुखत होता? मंग उद्यापासून जो हरंन तो म्हणंन, पंचाचा खांदा दुखत होता."

"तुमचे निकाल बरोबर असतात."

"निकाल डोळ्यानं देते माणूस. डोळ्याले खांदा असते काय? नसते. मंग सांगायचं कायले?" त्यांनी कप पुन्हा उचलला. "एवढ्या वर्षांत मले कोणी एकीकडचा म्हणलं नाही, छोरी. तेवढंच हाय माह्यापाशी."

"आज म्हणले नं, काका. कोंबडं पोचलं म्हणले."

त्यांनी चहा संपवला आणि उठताना मला म्हणाले, कोणाजवळ बोलू नको. मी शब्द दिला, पण रागानं दिला. दुखणं सांगायला बंदी घालणारा मालक मला ओळखता येतो. इथं मालक कुठंच दिसत नव्हता. बंदी त्या माणसानं स्वतःवर घातली होती आणि तिला तो इमान म्हणत होता.

संक्रांतीनंतर नेरजवळच्या एका गावात अंतिम सामना होता. शाळेचं मैदान, आजूबाजूच्या गावांतून ट्रॅक्टर भरून आलेली माणसं. दोन्ही कर्णधारांनी आम्हाला मंजूर केलं. पहिल्या डावात काकांच्या उजवीकडचे यजमान पुढं होते, म्हणून कुणी कुरकुरलं नाही. दुसऱ्या डावात काकांच्या उजवीकडं पाहुण्या गावाचा संघ आला आणि तो थोडा मागे होता. त्यांच्या रेडरनं एक गडी शिवून मध्यरेषा गाठली. काकांची शिट्टी वाजली. हात छातीपर्यंत आला आणि खाली गेला. गुणफलकावरच्या माणसाला तो दिसलाच नाही. आकडा हलला नाही आणि पुढची चढाई सुरू झाली.

पाहुणा संघ मध्यरेषेवर बसला. त्यांचा कर्णधार घोट्याला पांढरी पट्टी बांधलेला उंच मुलगा होता. तो मोबाइल घेऊन काकांकडं आला. त्यांच्या गावच्या कुणीतरी सगळा डाव चित्रित केला होता.

"काका, तुमाले आमी मंजूर केलं होतं. हे पाहा. त्यायचा पॉइंट असला की हात वर. आमचा असला की हात खिशात."

लोक आत घुसू लागले. मी माझी जागा सोडून मैदान ओलांडून तिकडं गेले. माझ्या डोक्यात सगळं तयार होतं, अगदी छापायला द्यावं इतकं तयार. कुठं पडले, काय झालं, जबाबदार कोण. शब्द दिला होता हे मी विसरले नव्हते, पण तो मोडायचं मी ठरवलं होतं.

"दादा, ऐका," मी म्हटलं.

"थांब छोरी," काका म्हणाले. त्यांनी मोबाइल डाव्या हातात घेतला. वाचायचा चष्मा घरी राहिला होता म्हणून तो लांब धरला. चित्र पाहिलं. "पुन्हा लाव," म्हणाले. मुलानं लावलं. तिसऱ्यांदा लावायला सांगितलं तेव्हा मुलगा वैतागला. "काका, किती पाह्यता? हात उचललाच नाही तुमी."

"हात मी पाह्यला. आता तोंड पाह्यतो."

मी त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. उजवीकडचा गुण आला की त्या छोट्या पडद्यावरच्या माणसाचा जबडा आवळत होता, मान वाकडी होत होती आणि दोन्ही डोळे घट्ट मिटत होते. प्रत्येक वेळी. एखाद्या क्षणापुरतेच, पण मिटत होते.

"हे माह्यं तोंड हाय?"

"तुमचं नाही तं काय माह्यं हाय?"

काकांनी मोबाइल परत दिला. त्यांचा चेहरा मी त्याआधी कधी तसा पाहिला नव्हता. त्यांना लाज वाटत होती, पण ती खांद्याची नव्हती. सामन्यात दुखत नाही, असं ते मला म्हणाले होते तेव्हा खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच कळलं नव्हतं. अंग दुखत होतं, तोंड वाकडं होत होतं, डोळे मिटत होते, आणि ज्याचं हे सगळं होतं तो माणूस रेषेकडं बघत होता. निदान तो तसं समजत होता.

त्यांनी शिट्टी मारली. गलका थोडा कमी झाला. दोन्ही कर्णधारांना जवळ बोलावलं, पण बोलले ते सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"माह्या उजवा खांदा गेला हाय. राजुरात पडलो तईपासून. हात वर होत नाही. मले वाटे का तेवढंच हाय. पण हात उचलतो तई माह्ये डोळे मिटतात, हे मले आत्ता समजलं. पॉइंट मी दिसले तसे देल्ले. डोळे मिटले तेवढ्यात काही सुटलं असंन तं ते मले माहीत नाही. तुमी दोघं सांगा. राहू का जाऊ."

मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे पंच चोर नाही, लुळा हाय." हशा पिकला. पाहुण्या कर्णधारानं वळून विचारलं, "कोण बोललं बे? पुढं ये." कुणी आलं नाही.

यजमान संघ पुढं होता, त्याच्या कर्णधाराला खेळ चालू राहायलाच हवा होता. त्यानं मानेनंच राहा म्हटलं. सगळं आता या घोट्याला पट्टी बांधलेल्या मुलावर होतं. तो "जा" म्हणाला असता तर त्याला कुणीही चूक म्हटलं नसतं. सामना मोडला असता आणि काकांचं नाव त्या मोडलेल्या सामन्याला कायमचं चिकटलं असतं.

"आधी काहून नाही सांगतलं, काका?"

"सांगतलं असतं तं मंजूर केलं असतं तू?"

मुलानं विचार केला. "नाही केलं असतं."

"मंग."

मुलगा माझ्याकडं वळला. "बाई, तुमी काकाच्या समोर उभ्या असता नं? उजवीकडचा पॉइंट काकानं तोंडानं सांगायचा आन हात तुमी करायचा. काकानं हात उचलायचाच नाही. डोळे उघडे पाह्यजेत आमाले. आन तो राह्यलेला पॉइंट लावा."

तो गुण लागला. मी माझ्या जागी परत गेले. उरलेला सामना आम्ही तसाच चालवला. काका पलीकडून "उजवी, एक" असं ओरडायचे आणि मी माझा डावा हात वर करायचे, कारण त्यांची उजवी बाजू ती माझी डावी. निकाल त्यांचा, हात माझा. मला भाषण करायचं होतं आणि माझ्या वाट्याला एक हात आला. तोही त्यांना पुरत होता हे मी पाहत होते. माझा हात वर गेला की काका रेषेवरून नजर न हटवता मान हलवायचे.

पाहुणा संघ थोडक्यात हरला. शेवटची पकड काकांच्याच समोर झाली, त्यांनी पाहुण्यांच्या विरुद्ध निकाल दिला आणि कुणी जागेवरून उठलं नाही. पंच बदलायला हवा होता, असं पाहुण्या गावचा एक माणूस ट्रॅक्टरवर चढेपर्यंत म्हणत होता, आणि त्याचं म्हणणं अगदी चूक होतं असं मला आजही म्हणता येणार नाही. कर्णधारानं जाताना काकांचा डावा हात हातात घेतला. स्पर्धा भरवणारे गृहस्थ भले होते. ते म्हणाले, "काका, पुढच्या साली पाहुणे म्हणून या. खुर्चीवर बसा, सत्कार करू." मला संताप आला. ज्या गोष्टीला, मैदान सुटण्याला, काका इतके दिवस भीत होते ती त्या माणसानं हार घालून समोर आणली होती. मी तोंड उघडलं, पण काकाच बोलले, "खांदा दाखवतो पयले. मंग पाहू, बसायचं का उभं राह्यचं."

यवतमाळच्या गाडीत आम्हाला मागची जागा मिळाली. सूर्य अजून पुरता मावळला नव्हता. रस्ता खराब होता आणि पहिल्याच खड्ड्याला काकांच्या तोंडून "याडी" निघालं. गोरबोलीत याडी म्हणजे आई. इतक्या सामन्यांत, इतक्या प्रवासांत मी त्यांना कण्हताना ऐकलं नव्हतं. पुढच्या खड्ड्याला पुन्हा तेच. ते ओशाळलेही नाहीत.

समोरच्या सीटवर बोरांची टोपली घेऊन बसलेल्या बाईनं मागं वळून पाहिलं. "काय झालं हो, बावाजी?"

"खांदा गेला माह्या."

"पडले काय?"

"मी नाही पडलो. माणसं पडली माह्या अंगावर."

तिकीट फाडता फाडता कंडक्टर थांबला. "या वयात कबड्डी खेळून राह्यले काय?"

"खेळत नाही. पंच हाय मी."

"पंचालेबी लागते?"

"लागते तं काय."

मग ते राजूरपासून सांगू लागले. कसा ढीग कोसळला, कसा खांदा खाली आला, म्हातारी बाही कशी चढवून देते. बोरंवाल्या बाईला सांगितलं, कंडक्टरला सांगितलं, पुढून एकानं मान वळवली तर त्यालाही सुरुवातीपासून सांगितलं. गाडीभर इलाज निघाले. निरगुडीचा पाला, गरम विटेचा शेक, कळंबकडचा कोणी हाड बसवणारा. सांगता सांगता ते खांदा धरून वाकत होते.

"एवढे दिवस नाही दुखला," ते मला हळू म्हणाले, "आता लय दुखून राह्यला, छोरी."

"आज यवतमाळलेच थांबा. उद्या दवाखान्यात फोटो काढू खांद्याचा."

"काढू," काका म्हणाले. मग पुढं वाकून त्यांनी बोरंवाल्या बाईला विचारलं की विटेचा शेक कापडातून द्यायचा की तसाच.